ईट पास, भूम नापास

मंडळी, आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी आम्हाला आठवड्यातून चार तास, आणि ते चारही तास पी.टी.च्या सरांनी कधी ना कधी मागून घेतलेले. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादक मंडळाला दोष द्या, त्यांनीच मला हा लेख लिहायला लावला. मेसमध्ये बसून मी तावातावाने बोलत होते, तर म्हणाले, "हेच लिहून दे."

बोलत होते ते कशाबद्दल, तर जुन्या ऑब्जेक्टिव्ह-सीच्या अ‍ॅपमध्ये नवी स्विफ्टची लायब्ररी जोडण्याबद्दल. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनो, लगेच पान उलटू नका. यात खवा आहे.

माझं गाव ईट. तालुका भूम, जिल्हा धाराशिव, म्हणजे २०२३ पर्यंतचा उस्मानाबाद. हॉस्टेलच्या फॉर्मवर गावाचं नाव लिहिलं तेव्हा रूममेट म्हणाली, "ईंट? ब्रिकवालं?" तेव्हापासून मी पूर्ण मजल्यावर 'ब्रिक'. असो. आमचा भाग बालाघाटच्या डोंगराचा, पाऊस कमी, शेतीचा भरवसा नाही. म्हणून घरोघरी दावणीला जनावरं आणि गावोगावी खव्याच्या भट्ट्या. म्हशीचं साधारण पाच लिटर दूध कढईत आटवलं की किलोभर खवा निघतो. माझे काका आसपासच्या भट्ट्यांवरचा खवा संध्याकाळी वजन करून घेतात आणि रात्रीच्या गाडीने पुढे पाठवतात. सगळा व्यवहार पावतीवर. पावतीवर गाव, भट्टी, किलो, दर. महिनाअखेरीला भट्टीवाले पावत्यांचा गठ्ठा घेऊन येतात आणि हिशोब होतो.

हा हिशोब काका आयपॅडवर ठेवतात. हसू नका. माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, २०१३ साली शेवटच्या वर्षाला असताना हे अ‍ॅप लिहिलं. तेव्हा स्विफ्ट नव्हतीच. ती अ‍ॅपलने २ जून २०१४ ला जाहीर केली. दादाने सगळं ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये लिहिलं, २०१७ मध्ये आयओएस ११ ने ३२-बिट अ‍ॅप्स बंद केली तेव्हा सुट्टीत येऊन ते ६४-बिटचं करून दिलं, मधे एकदा आयपॅड बदलून दिला, आणि मग कॅनडाला गेला. अ‍ॅप चालूच. काकांना त्यातलं एकही बटण कुठे आहे ते डोळे मिटून माहीत.

या दिवाळीच्या सुट्टीच्या आधी काकांनी एक छोटा ब्लूटूथ प्रिंटर आणला. दुकानात बिल देतात ना, तसला गुंडाळीच्या कागदाचा. फोन आला, "दादा तिकडं लांब हाय. तू बी कॉम्प्युटरचंच शिकतीस ना? मग हे जोडून दे." दादाच्या कोडमध्ये छपाईसाठी जी लायब्ररी होती ती कुणी सांभाळत नव्हतं. आता चांगली म्हणावी अशी जी मोफत लायब्ररी सापडली, ती शंभर टक्के स्विफ्ट. झालं! माझ्या आयुष्यातला पहिला खरा प्रोजेक्ट सुरू झाला.

आता लॅबमध्ये मी हे सांगितलं तेव्हा मिळालेले सल्ले ऐका. एक सीनियर म्हणाला, "ऑब्जेक्टिव्ह-सी? ती तर मेली." दुसरा म्हणाला, "पूर्ण अ‍ॅप स्विफ्टमध्ये लिहून काढ, रेझ्युमेवर भारी दिसेल." एका सरांनीही हेच सांगितलं, जरा शुद्ध इंग्रजीत. कुणीही, अगदी कुणीही, 'दादाचा कोड आधी वाच' असं म्हणालं नाही. माझा या लेखातला मुख्य आक्षेप हाच आहे.

पण आधी 'मेली' या शब्दाचं बघू. ऑब्जेक्टिव्ह-सी ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केली. सी भाषेला स्मॉलटॉकची निरोप पाठवायची पद्धत जोडली, म्हणून तर त्यात ते चौकोनी कंस. स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीने १९८८ मध्ये तिचा परवाना घेतला. नेक्स्ट विकत घेत असल्याचं अ‍ॅपलने डिसेंबर १९९६ मध्ये जाहीर केलं आणि भाषा अ‍ॅपलच्या घरात आली. आजही अनेक क्लासच्या नावापुढे जे 'एनएस' लागतं ते नेक्स्टस्टेपचं. सासरी येऊन इतकी वर्षं झाली तरी माहेरचं नाव टिकवलंय! तुमच्या आयफोनवरची बटणं, याद्या, पडदे ज्यातून येतात ते यूआयकिट मुळात याच भाषेतलं. दिवसभर अंगठ्याने सरकवताय ती 'मेलेली' भाषा आहे.

मरण्याचा प्रकार खरं तर वेगळा आहे. भाषा चालू राहते, पण तिच्यासाठी नवं कुणी काही बनवत नाही. एएफनेटवर्किंगचं घ्या. एकेकाळी इंटरनेटशी बोलणाऱ्या जवळपास प्रत्येक आयफोन अ‍ॅपमध्ये ही ऑब्जेक्टिव्ह-सीची लायब्ररी असायची. जानेवारी २०२३ मध्ये ती अधिकृतरीत्या बंद केली आणि लोकांना अलामोफायर वापरा म्हणून सांगितलं. अलामोफायर आहे स्विफ्टची, आणि ऑब्जेक्टिव्ह-सीमधून ती थेट बोलावता येत नाही. लॉटी नावाची अ‍ॅनिमेशनची लायब्ररी २०१९ मध्ये तिसऱ्या आवृत्तीला अख्खी स्विफ्टमध्ये नव्याने लिहिली गेली. तुमचं घर जुनं, पण बाजारात नळ, तोट्या, बल्ब सगळे नव्या मापाचे. घर पाडायचं, की मधे एक जोड बसवायचा?

मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी कारभार उर्दूत. आमच्या घरात पणजोबांच्या वेळचे कागद आहेत, काही उर्दूत, काही मोडीत. ते घरात कुणालाच वाचता येत नाहीत, पण जमीन त्याच कागदांवर उभी आहे. २०२३ मध्ये जुन्या निजामकालीन नोंदी तपासायची वेळ आली तेव्हा सरकारलाही मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. सगळे कागद फाडून मराठीत नवे लिहू असं कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर गावात काठ्या निघाल्या असत्या.

आता थोडं तांत्रिक. कॉम्प्युटरवाल्यांनी तरी हे नीट वाचा, कारण यात मी तीन रात्री घालवल्या.

पहिला घोळ ब्रिजिंग हेडरचा. ज्याला विचारावं तो म्हणतो, "ब्रिजिंग हेडर टाक, झालं." ब्रिजिंग हेडर असतो स्विफ्टला ऑब्जेक्टिव्ह-सी दिसावी म्हणून. मला हवं होतं उलटं. ऑब्जेक्टिव्ह-सीला स्विफ्ट दिसायची तर एक्सकोड स्वतःच एक हेडर तयार करतो, मॉड्यूलचं नाव, मग डॅश, मग स्विफ्ट, मग डॉट एच. हा तुम्हाला फाइलींच्या यादीत दिसत नाही. फक्त आयात करायचा. मी केला, तर म्हणे सापडत नाही. दीड तासाने कळलं की दादाने प्रोजेक्टच्या नावात डॅश दिला होता, आणि मॉड्यूलच्या नावात एक्सकोड अशा चिन्हांच्या जागी अंडरस्कोर घालतो. एका आडव्या रेघेसाठी मी त्या दिवशी मेसची भाजी-पोळी घालवली. (वांगं होतं, म्हणजे फार नुकसान नाही.)

आणि हा हेडर आपल्या डॉट एच फाइलीत आयात करायचा नाही, डॉट एम फाइलीतच करायचा. डॉट एचमध्ये नुसतं 'या नावाचा क्लास आहे' एवढं सांगून सोडायचं. नाहीतर स्विफ्ट ऑब्जेक्टिव्ह-सीची वाट बघते, ऑब्जेक्टिव्ह-सी स्विफ्टची. पहले आप, पहले आप, आणि बिल्ड लटकतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हेडर मिळाला तरी त्यात लायब्ररीतलं काहीच दिसेना. कारण ऑब्जेक्टिव्ह-सीला स्विफ्टमधलं सगळं दिसतच नाही. जो क्लास एनएसऑब्जेक्टपासून निघालेला आहे आणि ज्याच्यावर 'अ‍ॅट-ओबीजेसी' असा शिक्का आहे तेवढाच दिसतो. स्ट्रक्ट दिसत नाही, जेनेरिक दिसत नाही, सोबत माहिती बाळगणारे एनम दिसत नाहीत, टपल तर नाहीच. पूर्वी हा शिक्का कंपायलर बऱ्याच ठिकाणी आपणहून मारायचा. २०१७ च्या स्विफ्ट ४ पासून ते कमी केलं, आता आपण स्पष्ट सांगावं लागतं. माझी छपाईची लायब्ररी म्हणजे स्ट्रक्ट आणि एनमचं मोहोळ. म्हणजे थेट वापर बाद.

मग उपाय काय? रॅपर. प्रोजेक्टमध्येच एक छोटी स्विफ्ट फाइल घ्यायची, तिच्यात एक साधा क्लास लिहायचा, त्यावर शिक्का मारायचा, आणि दाराशी फक्त ऑब्जेक्टिव्ह-सीला कळतील अशाच गोष्टी ठेवायच्या. आत त्या क्लासने स्विफ्टच्या लायब्ररीशी तिच्या भाषेत काय हवं ते बोलावं. आमच्या आजीला बँकेत नेतात तसं. आजी काउंटरवरच्या साहेबांशी बोलत नाही, काकूशी बोलते. काकू साहेबांशी बोलते. साहेबांचं इंग्रजी आजीपर्यंत पोचायची गरजच नाही.

या रॅपरमध्ये एक बारीक गंमत भेटली. स्विफ्टमध्ये 'आकडा असेल किंवा नसेल' असा एक प्रकार असतो, पर्यायी पूर्णांक. तो ऑब्जेक्टिव्ह-सीकडे जात नाही, कंपायलर अडवतो. मला वाटलं ही उगीच कटकट, सरळ साधा पूर्णांक करू, नसेल तिथे शून्य टाकू. बरं झालं त्याआधी दादाच्या कोडमध्ये एक टिप्पणी दिसली. चक्क मराठीत: 'वजन शून्य आलं तर काकांना विचार, मनानं ठेवू नको.' फोन केला तर काका म्हणाले, "शून्य म्हंजी माल आला अन् परत पाठवला, वास येत व्हता. अन् रिकामं म्हंजी माल अजून यायचाय." दोन वेगळ्या गोष्टी! ऑब्जेक्टिव्ह-सी अशी मनमिळाऊ की नसलेल्या वस्तूला आकडा विचारला तरी ती मुकाट्याने शून्य देते. दादाने म्हणून वजन एनएसनंबरमध्ये ठेवलं होतं, म्हणजे 'नाही' आणि 'शून्य' वेगळे राहतात. मीही तेच केलं. एका ओळीच्या टिप्पणीने माझा महिनाभराचा हिशोब वाचवला.

एवढं होऊनही मी धडा घेतला नाही, तेच आता सांगते.

दिवाळीच्या आधी घरी गेले. लॅबमधल्या मॅकवर सगळं तपासलेलं होतं. गावाच्या नावाच्या जागी 'पुणे' इंग्रजीत लिहून बघितलं, 'एबीसी' लिहून बघितलं, आणि मराठी म्हणून आपलं 'ईट' लिहून बघितलं. सगळं पास. पावतीवर गावाचं नाव ठळक अक्षरात, बाकी साध्या. मी खूश. दुपारी काकांच्या आयपॅडवर चढवलं, ईटच्या भट्टीची एक पावती काढली, काकूने ती देवापुढे ठेवली.

संध्याकाळी वजनं सुरू झाली. दिवाळीचे दिवस म्हणजे खव्याला वर्षातली सगळ्यात मोठी मागणी. अंगणात टेम्पो, मोटारसायकली, ओळ लागलेली. पहिल्या दोन पावत्या ईटच्या. मस्त. तिसरा भट्टीवाला भूमकडचा. काकांनी वजन घातलं, बटण दाबलं, आणि अ‍ॅप गायब. काळा पडदा, मग आयपॅडचा मुखपृष्ठाचा फोटो. पुन्हा उघडलं. नोंद नाही. पुन्हा वजन घातलं, पुन्हा गायब. मग वालवडचा माणूस, त्याचंही तेच. पाथरूडचा, तेच. ईटचा आला की चालतंय. ओळीतला एकजण म्हणाला, "गावकीचं मशीन दिसतंय, भायेरच्याला घेईना." सगळे हसले. काका हसले नाहीत.

त्यांनी कपाटातून जुनी वही काढली आणि कार्बन लावून हाताने पावत्या लिहायला लागले. मी शेजारी उभी, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग तिसरं वर्ष, आणि माझं काम टॉर्च धरायचं. त्यात भूमकडच्या त्या माणसाचं पहिलं वजन नक्की किती होतं यावर बोलाचाली झाली. माल तोवर दुसऱ्या डब्यात मिसळला होता, पुन्हा मोजायची सोय नाही. तो म्हणाला चौदा. काकांना तेरा आठवत होतं. काकांनी चौदा लिहिले. एका किलो खव्याचे पैसे काही मोठे नाहीत. पण जाताना तो म्हणाला, "आजवर तुमच्या पावतीवर कंदी बोट ठेवलं न्हाई," ते वाक्य मला रात्रभर ऐकू येत होतं.

रात्री लॅपटॉप उघडून बसले. दोष दोन निघाले आणि दोन्ही माझे.

पहिला सांगते. दादाच्या कोडमध्ये क्रम असा होता: आधी नोंद जतन करायची, मग पावती. मी रॅपर लिहिताना 'छपाई झाली की पुढचं काम' अशी स्विफ्टची ती सुंदर पद्धत वापरली, आणि जतन करणं त्या पुढच्या कामात ढकललं. दिसायला कोड इतका देखणा! पण छपाईत अ‍ॅप पडलं की नोंदही गेली. दादाच्या दोन ओळींचा तो क्रम सहज आलेला नव्हता. आमच्याकडे वीज कधीही जाते, आयपॅडची बॅटरी कधीही माना टाकते, हे त्याला माहीत होतं. तो क्रम हेच त्याचं ज्ञान होतं, आणि मी ते 'क्लीन कोड'च्या नादात पुसून टाकलं.

दुसरा दोष शोधायला मात्र पहाटेचे तीन वाजले. अ‍ॅप पडताना स्विफ्ट सांगत होती की मजकुरातली जागा मर्यादेबाहेर आहे. ईटला नाही, भूमला आहे. का? ऑब्जेक्टिव्ह-सीत मी त्याला ट्राय-कॅचमध्येही घालून बघितलं. उपयोग नाही. स्विफ्ट अशा चुकीवर अख्खं अ‍ॅप जागीच थांबवते, ऑब्जेक्टिव्ह-सीच्या जाळ्यात ते सापडत नाही.

काका पाणी प्यायला उठले. "कामून पडतंय, कळलं का?" म्हटलं, "काका, मशीन म्हणतंय भूममध्ये तीन अक्षरं आहेत." काका म्हणाले, "येडं हाय का ते? भू आणि म. दोन."

आणि तिथेच उलगडलं! ऑब्जेक्टिव्ह-सीचा एनएसस्ट्रिंग लांबी मोजतो ती यूटीएफ-१६ च्या घरांत. युनिकोडमध्ये देवनागरीत भ वेगळा, दीर्घ ऊची मात्रा वेगळी, म वेगळा. झाले तीन. स्विफ्टची स्ट्रिंग मात्र माणसाला जे एक अक्षर दिसतं ते एक मोजते. भू, म. दोन. जुना कोड नव्या कोडला सांगत होता, 'तिसऱ्या अक्षरापर्यंत ठळक कर.' नवा कोड म्हणत होता, 'तिसरं अक्षर आहेच कुठे?' आणि कोसळत होता. 'पुणे' मी इंग्रजीत लिहून तपासलं होतं. रोमन लिपीत दोन्हीकडची मोजणी सारखीच येते. आणि मराठीतलं एकमेव नाव तपासलं ते 'ईट', ज्यात एकही मात्रा नाही! ई, ट. दोन्ही हिशोबांत दोनच.

नंतर मी जिल्ह्यातले आठही तालुके मोजून बघितले. वाशी: एकीकडे चार, दुसरीकडे दोन. कळंब: चार आणि तीन, कारण अनुस्वार. परंडा पाच आणि तीन. उमरगा पाच आणि चार. लोहारा सहा आणि तीन. धाराशिव सात आणि चार. तुळजापूर आठ आणि पाच. भूम तर आपलं ठरलेलंच. आठच्या आठ नापास. जोडाक्षरं आली की आणखी मजा. जोडाक्षर एकच धरायचं हा नियम युनिकोडने स्वतःच २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आणला, त्यामुळे 'उस्मानाबाद'ची अक्षरं किती हे उत्तर तुमची प्रणाली कोणत्या सालची यावरही अवलंबून राहू शकतं. आणि काकांच्या जुन्या नोंदींत सगळीकडे उस्मानाबाद आहे, नव्यांत धाराशिव.

दुरुस्ती शेवटी एका ओळीची निघाली. ऑब्जेक्टिव्ह-सीकडून आलेली एनएसरेंज तशीच्या तशी आकडा म्हणून वापरायची नाही. ज्या मजकुरातली ती आहे तो मजकूर सोबत देऊन तिची स्विफ्टची रेंज बनवून घ्यायची. त्याची सोय स्विफ्टमध्ये आहेच. जमली नाही तर ती 'नाही' म्हणून सांगते, पडत नाही. सीमेवर उभं राहून मोजमाप बदलून घ्यायचं, बस. शेर देऊन किलो लिहून घेतले तर भांडण होणारच.

आता मुख्य मुद्द्यावर येते. 'पूर्ण नव्याने लिहा' म्हणणाऱ्यांना मी विचारते: तुम्ही लिहिलं असतंत तर 'शून्य' आणि 'रिकामं' यातला फरक तुम्हाला कुणी सांगितला असता? जतन आधी की छपाई आधी, हे कुठल्या पुस्तकात होतं? मी फक्त एक छोटा जोड लिहिला तर दोन घोटाळे केले. पूर्ण अ‍ॅप लिहिलं असतं तर काकांना दुसरा धंदा बघावा लागला असता. नेटस्केपचं उदाहरण आपल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या तासाला एका मिनिटात उरकतात. जगातला सगळ्यात लोकप्रिय ब्राउझर. १९९७ मध्ये चौथी आवृत्ती आली, मग सगळा कोड नव्याने लिहायचं ठरवलं, पाचवी आवृत्ती आलीच नाही आणि सहावी उगवली ती २००० च्या नोव्हेंबरात. तोवर लोक इंटरनेट एक्सप्लोररवर जाऊन स्थिरावले होते.

नव्याने कधीच लिहू नये असं मी म्हणत नाही. स्विफ्ट मला आवडते, खोटं कशाला बोलू. पर्यायी पूर्णांकावर कंपायलर अडला नसता तर मी दादाच्या टिप्पणीकडे ढुंकूनही बघितलं नसतं. नवी फाइल लिहायची तर स्विफ्टमध्येच लिहावी. जुन्यातला एखादा भाग पुन्हा पुन्हा दुखत असेल तर तेवढा भाग बदलावा. पण कधी बदलायचा हे त्याला वाचून झाल्यावर ठरवावं. आपण न वाचताच ठरवतो, कारण न वाचलेला कोड नेहमीच घाणेरडा वाटतो. माझं मराठीबद्दल हेच झालं होतं, पण तो वेगळा लेख.

आणि हे आपल्याला शिकवत कुणी नाही. चार वर्षांत आपण किती प्रोजेक्ट करतो? मिनी, मेजर, सेमिनार, सगळे रिकाम्या फाइलीपासून सुरू. दरवर्षी तीच लायब्ररी मॅनेजमेंट, तीच अटेंडन्स सिस्टिम, तीच हॉस्टेल मेसची कुपनं. ओरल झाली की सीडी विभागाच्या कपाटात. (आता सीडी नाही, ड्राइव्हवरचं फोल्डर, पण कपाटच ते.) पुढच्या वर्षीची बॅच तेच पुन्हा शून्यापासून. मागच्या वर्षीच्या मुलांचा प्रोजेक्ट उघडून त्यात एक गोष्ट जोडून दाखवा आणि जुनं काही मोडू नका, अशी एक तरी असाइनमेंट ठेवायला काय हरकत आहे? नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशी कुणीही रिकामी फाइल देणार नाहीये. आदरणीय विभागप्रमुख हे वाचत असतील तर माझी विनंती समजावी, तक्रार नाही. टर्मवर्कचे मार्क अजून यायचेत.

काकांचं अ‍ॅप आता चालू आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठही तालुके, वालवड, पाथरूड आणि जेवढी गावं काकांना आठवली तेवढी टाकून पावत्या काढल्या. त्या भूमकडच्या भट्टीवाल्याला काकांनी मुद्दाम बोलावून त्याच्यासमोर पावती काढली. त्याने ती उजेडात धरून वाचली, घडी घालून टोपीत ठेवली आणि म्हणाला, "वही बी राहू द्या चार दिस." वही आहे. काका दोन्हीकडे लिहितात. दादाला मी सगळं कळवलं, त्याने फक्त विचारलं, "माझी शून्याची टिप्पणी ठेवलीस ना?" ठेवली आहे. तिच्याखाली माझी एक टाकली: 'छपाईच्या आधी जतन. ईटवर तपासू नको, भूमवर तपास.'

प्रिंटरच्या जोडाचा कोड कुणाला बघायचा असेल तर शनिवारी दुपारी मी लॅबमध्ये असते. मॅक एकच चालू आहे आणि त्याचा माउस सेकंड इयरवाल्यांनी नेलाय, तेव्हा येताना आपला आणा.